काचेवर पक्षी आदळू नये म्हणून काय करायचं: नागपूरच्या घरांसाठी, स्वस्तातलं आधी

मे महिना आला की नागपुरात घरोघरी दोन कामं होतात. एक, पश्चिमेच्या खिडकीला आरशासारखी चकचकीत सन कंट्रोल फिल्म, कारण ४५-४६ डिग्रीत कूलरही हात टेकतो. आणि दुसरं, त्याच खिडकीसमोरच्या कंपाउंडवर पक्ष्यांसाठी पाण्याचा सकोरा. दोन्ही कामं चांगल्या मनानं केलेली, पण एकत्र आली की पक्ष्यासाठी तो सापळाच. पाणी पिऊन उडालेला होला समोर बघतो तर त्याला काच दिसतच नाही, त्याला दिसतो फिल्ममध्ये उमटलेला कडुनिंब, आणि तो बिचारा सरळ त्या कडुनिंबात बसायला जातो. धाडकन आवाज येतो, घरातले म्हणतात कोणी बॉल मारला का बे, आणि खाली होला पडलेला असतो.

घाईत असाल तर एवढंच वाचा आणि कामाला लागा: काचेच्या बाहेरच्या बाजूनं, पूर्ण काचेवर, दर दोन इंचाला काहीतरी खूण पाहिजे. दोन इंच म्हणजे आपली साधारण तीन बोटं. ठिपके चालतात, पट्ट्या चालतात, पोरांनी काढलेले वाकडेतिकडे मासेसुद्धा चालतात. या तीनपैकी एक जरी गोष्ट सुटली, म्हणजे आतून लावलं, अर्धीच काच केली किंवा गॅप मोठी ठेवली, तर मेहनत बऱ्यापैकी वाया जाते. आता हे असं का आणि कशानं करायचं ते सावकाश सांगते.

पक्ष्याला काच दिसत का नाही

आपल्यालाही काच दिसत नाही खरं तर. आपण चौकट बघतो, हँडल बघतो, त्यावरचे डाग बघतो आणि ठरवतो की इथं काच असणार. पक्ष्याला चौकट म्हणजे काय हे माहीतच नाही. वरून बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं त्यांना झकास दिसतं पण नाकासमोर किती अंतरावर काय आहे याचा अंदाज आपल्याइतका पक्का नसतो. एकदा आदळून वाचलेला पक्षी पुढच्या वेळी शहाणा होईल असंही धरून चालू नका.

फसवणूक दोन प्रकारची असते, आणि आपल्याकडे कोणती आहे हे ओळखणं महत्त्वाचं कारण उपाय त्यावरच ठरतो. पहिली म्हणजे प्रतिबिंब. दिवसा बाहेर उजेड, आत अंधार, त्यामुळे बाहेरून बघितलं तर काचेत झाड आणि आभाळ दिसतं. दुसरी म्हणजे आरपार. समोरासमोर दोन खिडक्या असल्या, किंवा कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी काच असली, किंवा बाल्कनीला काचेचं रेलिंग असलं, की पक्ष्याला पलीकडचं झाड दिसतं आणि त्याला वाटतं इथून रस्ता आहे. आरपारवाल्या काचेला आतून पडदा ओढला तर थोडा फायदा होतो, पण प्रतिबिंबवाल्या काचेला आतून काहीही करा, बाहेरून कडुनिंब दिसणारच. म्हणून बाहेरून, बाहेरून, बाहेरून.

हे काही आपल्याच इथलं खूळ नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातले डॅनियल क्लेम नावाचे पक्षीतज्ज्ञ १९७० च्या दशकापासून याच एका विषयावर काम करून राहिलेत, आणि २०१४ साली तिथल्या संशोधकांनी काढलेला अंदाज असा होता की एकट्या अमेरिकेत इमारतींवर आदळून वर्षाला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात. आकडा वाचून वाटतं की हे उंच टॉवरमुळे असेल, पण तसं नाही. त्यातले बहुतेक पक्षी साध्या घरांवर आणि अकरा मजल्यांपर्यंतच्या इमारतींवर आदळतात, उंच टॉवरचा वाटा अगदी थोडा, कारण घरं संख्येनं जास्त आणि झाडंही तेवढ्याच उंचीची. म्हणजे मिहानमधल्या काचेच्या बिल्डिंगला नावं ठेवायच्या आधी आपली धरमपेठेतली दुसऱ्या मजल्याची खिडकी बघा.

आधी बाहेर जाऊन उभे राहा

सगळ्या खिडक्यांना काही करायची गरज नसते. सकाळी सात ते दहामध्ये, जेव्हा पक्षी खायच्या नादात सगळ्यात जास्त उडत असतात, तेव्हा घराबाहेर जाऊन प्रत्येक काचेकडे बघा. जिच्यात झाड किंवा आभाळ स्वच्छ दिसतं ती एक नंबर डेंजर. दुपारी परत बघा कारण ऊन फिरलं की दुसरीच काच आरसा बनते. मग काचेवर डाग शोधा. होले आणि पारवे आदळले की त्यांच्या पिसांवरची बारीक पांढरी भुकटी काचेवर बसते आणि कधीकधी पूर्ण पंखांचा छाप दिसतो. चौकटीला अडकलेलं एखादं पीस, खाली कुंडीत पडलेलं पीस, हेही बघा.

आणि सगळ्यात खात्रीची माहिती पाहिजे असेल तर सोसायटीत झाडू मारणाऱ्या ताईंना आणि वॉचमनभाऊंना विचारा. आपण उठायच्या आत मांजर, कावळे आणि मुंग्या पुरावा गायब करतात, त्यामुळे "आमच्याकडे तर कधीच नाही आदळत" असं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

झाडांच्या जवळच्या खिडक्या आधी घ्या. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, अंबाझरी, फुटाळा, गोरेवाड्याच्या बाजूला राहत असाल तर तुमच्या अंगणात नुसते होले-बुलबुल नाही, तांबट, हरियल, खंड्या, कोकीळ, शिक्रा असे सगळेच येऊन राहिलेले असतात. शिक्रा मागे लागला की छोटे पक्षी जीव घेऊन कुठंही घुसतात, आणि काच समोर आली तर मग संपलंच.

उपाय, ज्यांना पैसे जवळपास लागत नाहीत

सगळ्यात नागपुरी उपाय म्हणजे हिरवी नेट. उन्हाळ्यात आपण गच्चीवर आणि खिडकीला बांधतो तीच शेड नेट काचेच्या बाहेरून ताणून बांधली की प्रतिबिंब जातं, खोली थंड राहते, आणि एखादा पक्षी आलाच तर काचेऐवजी नेटवर येतो. काचेपासून तीन-चार इंच सोडून बांधा आणि ढिली ठेवू नका, लोंबकळणाऱ्या नेटमध्ये पक्षी गुरफटतो. बांबूची चिक, वाळ्याची टट्टी, याही बाहेरून लावल्या तर तेच काम होतं. ज्या खिडकीला डेझर्ट कूलर बसवलाय तिची अर्धी काच तर तशीही झाकलेलीच असते.

अडचण एवढीच की जूनमध्ये दोन सरी आल्या की आपण नेट सोडून माळ्यावर टाकतो, आणि नेमका तेव्हाच नवरंग येतो. हा पक्षी दक्षिण भारत-श्रीलंकेतून पावसाच्या तोंडावर मध्य भारतात अंडी घालायला येतो, रात्री प्रवास करतो, आणि थकलेला, भेदरलेला नवरंग घरात शिरला किंवा खिडकीखाली सापडला असं या दिवसांत होतंच. हिवाळी पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात ते वेगळेच. त्यामुळे नेट उतरवायच्या आधी काचेवर दुसरं काहीतरी करून ठेवा.

ते दुसरं म्हणजे पोस्टर कलर. स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा किंवा पिवळा पोस्टर कलर घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका म्हणजे काचेवर पसरतो आणि नंतर पुसायलाही सोपा जातो, आणि स्पंजच्या तुकड्यानं नाहीतर बोटानं ठिपके द्या. अंतर सारखं येत नाही म्हणून वैतागू नका, घरात रांगोळीचा ठिपक्यांचा भोकं असलेला कागद असेलच, तो काचेवर धरून भोकातून खुणा करून घ्या आणि भोकं जवळजवळ असतील तर मधली सोडून द्या, शेवटी दोन इंचांपेक्षा जास्त अंतर राहिलं नाही म्हणजे झालं. ठिपका निदान सहा मिलिमीटरचा पाहिजे, म्हणजे पेन्सिलच्या जाडीपेक्षा किंचितच कमी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना हे काम द्या, मोबाइल सुटेल. पावसाची झड थेट बसणाऱ्या खिडकीवर हा रंग जुलैत फिका पडतो, तेव्हा परत द्यावा लागतो. चुना मात्र लावू नका, काचेवर त्याचे डाग धरले की निघता निघत नाहीत.

पांढरा-पिवळा का म्हणते, तर प्रतिबिंबात झाड असतं, झाड गडद असतं, त्यावर काळे ठिपके बुडून जातात. आभाळ दिसणाऱ्या काचेवर गडद रंग चालेल, पण एका रंगात काम भागवायचं तर पांढराच घ्या.

पावसात टिकणारं पाहिजे असेल तर टायरवर लिहायचा पांढरा ऑइल पेंट मार्कर मिळतो, त्यानं उभ्या रेघा मारा, एकेक रेघ दोनदा गिरवून जाड करा. पुढे नको वाटल्या तर ब्लेडनं खरवडून निघतात. स्लायडिंगच्या खिडकीचा पल्ला उचलून ट्रॅकमधून बाहेर काढता येतो, तो घरात आणून जमिनीवर ठेवून रंगवा आणि परत बसवताना रंगवलेली बाजू बाहेर गेली ना ते बघा. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून रेघा मारत बसू नका, पक्ष्याच्या आधी आपलाच नंबर लागायचा.

आणि ज्यांच्याकडे खिडकीला तीन ट्रॅक आहेत, त्यात डासांच्या जाळीचा पल्ला असतो, तो सगळ्यात बाहेरच्या ट्रॅकवर घेता येत असेल तर घ्या. बाहेरून जाळी असलेल्या काचेवर पक्षी सहसा फसत नाही. तेवढी अर्धी खिडकी फुकटात झाली. बॉक्स ग्रिल असेल तर तिचाही फायदा आहे, पण गजांमध्ये चार-पाच इंचांची गॅप असते आणि शिंपी, शिंजीर, चष्मेवाला असले चिमुकले त्यातून सहज पार होतात, म्हणून गजांच्या मधून एक-एक दोरी बांधून टाका.

थोडे पैसे घालून कायमचं करायचं असेल तर

यात माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे रेडियमवाल्याकडून ठिपके कापून घेणं. गाड्यांच्या नंबर प्लेट आणि दुकानांचे स्टिकर करणारा कोणताही रेडियमवाला मशीनवर आठ मिलिमीटरचे गोल ठिपके दोन-दोन इंचांवर कापून देतो आणि वर ट्रान्सफरचा कागद लावून देतो, म्हणजे एकेक ठिपका चिकटवत बसायचं काम नाही, पूर्ण शीट लावली, दाबली, कागद ओढला की ठिपके काचेवर राहतात. चार बाय चार फुटांच्या काचेला २४ ओळींत २४ याप्रमाणे ५७६ ठिपके लागतात. ऐकायला भरपूर वाटतं पण ते इतके छोटे असतात की आतून बघताना दोन दिवसांत नजर सरावते आणि उजेडात काही फरक पडत नाही.

त्याला सांगताना पांढरं मॅट विनाइल सांगा आणि बाहेरच्या बोर्डांना वापरतात त्या प्रतीचं सांगा. साधं विनाइल आपल्या उन्हात एका मोसमात आकसतं, कडक होतं आणि टरफलासारखं सुटतं. लावायच्या आधी काच साबणानं धुवा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगरनं काढा नाहीतर त्यावर काही चिकटत नाही, आणि काम सकाळीच उरका, तापलेल्या काचेवर विनाइल हातालाच चिकटून बसतं. ऑनलाइन याच कामाच्या परदेशी टेप मिळतात, त्या चांगल्याच असतात, पण किंमत बघून मग परत रेडियमवाल्याकडेच याल.

दुसरा प्रकार दोऱ्यांचा. हे विशेषतः मोठ्या खिडक्यांना झकास दिसतं. लाकडाची पट्टी नाहीतर वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी खिडकीच्या रुंदीइतकी घ्या, त्याला दर चार इंचाला भोक पाडा, प्रत्येक भोकातून तीन-चार मिलिमीटर जाडीची गडद रंगाची नायलॉन दोरी ओवून वर गाठ मारा, आणि ती पट्टी खिडकीच्या बाहेर वरच्या कडेला ठोका. दोऱ्या खाली मोकळ्याच लटकू द्यायच्या, चौकटीच्या थोड्या वर संपल्या पाहिजेत. चार फुटी खिडकीला बारा-तेरा दोऱ्या, म्हणजे सोळा-सतरा मीटर दोरी झाली. इथं अंतर चार इंच आणि रंगही गडद चालतो, कारण दोऱ्या हवेत हलतात आणि काचेच्या पुढे असतात म्हणून नजरेत लवकर भरतात. मे-जूनच्या वावटळीत गुंता होतो, तो हातानं सोडवायचा, किंवा खालच्या टोकाला एक जाड गाठ मारायची म्हणजे थोडं वजन येतं.

पण एक हात जोडून सांगते, दोरीच्या जागी संक्रांतीचा उरलेला मांजा लावू नका. नायलॉन मांजावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे आणि तरी दरवर्षी आपल्या शहरात त्यानं माणसांचे गळे कापले जातात, पक्ष्याचं तर विचारूच नका.

कबुतरांची नायलॉन जाळी बसवणारे तर आता गल्लोगल्ली आहेत. तीसुद्धा चालते, अट दोनच: काचेपासून वितभर पुढे असावी आणि तबल्यासारखी ताणलेली असावी. दरवर्षी एकदा बघून घ्या की कुठं फाटून भगदाड पडलंय का, कारण फाटक्या जाळीतून आत शिरलेल्या पक्ष्याला बाहेरचा रस्ता सापडत नाही.

हे करून काही उपयोग नाही

ससाण्याचा एकच मोठा काळा स्टिकर. लोकांना वाटतं पक्षी घाबरेल. पक्षी घाबरत-बिबरत नाही, तो फक्त स्टिकरला वळसा घालतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. त्याच स्टिकरची पन्नास पिल्लं करून पूर्ण काचेवर लावली तर मात्र उपयोग होईल, मग तो ससाणा असो की गणपती. प्लास्टिकचं घुबड दोन-चार दिवसांत ओळखीचं होतं, त्याच्या डोक्यावर बसलेले पारवे तुम्ही पाहिलेच असतील. एखादी सीडी लटकवणं, चमकीची एक पट्टी, आवाज करणारं यंत्र, सगळं तेच. अतिनील किरणांचे पारदर्शक स्टिकर येतात, ते आपल्याला दिसत नाहीत पण काही पक्ष्यांना दिसतात. मात्र कबुतरवर्गातले आणि शिकारी पक्षी ते रंग नीट बघू शकत नाहीत आणि आपल्या उन्हात त्यांचा असर लवकर उतरतो, त्यामुळे मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

आणि ती सन कंट्रोल फिल्म. ऊन अडवायचंच असेल तर आरशासारखी घेऊ नका. बाहेरून लावायची पांढरी फ्रॉस्टेड फिल्म घ्या, नाहीतर सरळ चिक लावा, ऊन काचेच्या बाहेरच अडलं तर खोली जास्त थंड राहते. आरसावाली आधीच लावून बसला असाल तर फाडायची गरज नाही, तिच्याच पुढे काचेवर बाहेरून ठिपके द्या.

सकोरा कुठं ठेवायचा

हा भाग लोक नेहमी विसरतात. पाणी किंवा दाणे काचेपासून एकतर अगदी जवळ ठेवा, तीन फुटांच्या आत, किंवा मग तीस फूट लांब. जवळ ठेवलं तर उडताना पक्ष्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, आदळला तरी झटकून उडून जातो. लांब असेल तर त्याला वळायला वेळ मिळतो. पाच ते पंचवीस फूट ही सगळ्यात वाईट जागा, आणि आपले कंपाउंड नेमके तेवढ्यावरच असतात. पक्षी दचकला की पूर्ण जोरात उडतो, आणि सकोऱ्यावर तर दिवसातून कितीतरी वेळा कोणीतरी कोणालातरी दचकवत असतं, सातभाईंची टोळी आली की बघाच.

खिडकीच्या आतल्या बाजूला काचेला चिकटून ठेवलेल्या हिरव्यागार कुंड्याही थोड्या मागे सरकवा, आरपार काचेतून त्या पक्ष्याला बोलावतात.

काचेचं रेलिंग आणि नवीन बांधकाम

बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या नवीन स्कीममध्ये बाल्कनीला काचेचं रेलिंग द्यायची फॅशन आलीय. ब्रोशरमध्ये छान दिसतं. पक्ष्याच्या बाजूनं बघाल तर ती हवेत उभी केलेली न दिसणारी भिंत आहे, आणि मागे बाल्कनीतली झाडं. इथं बाहेरून हात पोचत नसेल तर आतून ठिपके दिले तरी चालतं, पण आधी खाली रस्त्यावर जाऊन बघा की ती काच आरपार दिसते की आभाळ दाखवते. आरपार दिसत असेल तर आतले ठिपके बाहेरून दिसतील. आभाळ दाखवत असेल तर बाहेरूनच करावं लागेल आणि ते काम दोर लावून काच पुसणाऱ्या माणसांकडून करून घ्या.

सोसायटीच्या मीटिंगला हा विषय काढला की कोणीतरी "शोभा जाईल" म्हणणारच. त्यांना शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राची गोष्ट सांगा. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी तिथं एका इमारतीखाली जवळपास हजार पक्षी मेलेले सापडले, एका रात्रीत. पुढच्या वर्षी त्यांनी त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि पक्षी मरायचं प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांनी खाली आलं. लांबून बघणाऱ्याला ते ठिपके कळतही नाहीत. न्यूयॉर्कमध्ये तर २०२१ पासून नवीन इमारतींना नियमच आहे की खालच्या ७५ फुटांपर्यंत बहुतेक सगळी दर्शनी बाजू पक्ष्यांना कळेल अशा साहित्याची पाहिजे.

आपल्याकडे असा नियम येईल तेव्हा येईल, पण घर बांधत असाल तर आर्किटेक्टला आत्ताच सांगा, कारण आत्ता सांगायला पैसे लागत नाहीत. काचेवर भट्टीतच ठिपके किंवा रेघा छापून मिळतात. जिन्याच्या उंच खिडकीला जुन्या घरांत असायची तशी दाणेदार काच घ्या. बाहेरून सिमेंटची जाळी, लाकडी झडपा, खोल व्हरांडा, हे सगळं आपल्या उन्हासाठीच शोधलेलं आहे आणि त्यात पक्ष्यांचंही भलं होतं. सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले बघा, काच आहे पण सावलीत आहे. ऑफिसवाल्यांसाठी एकच जास्तीचं: रात्री कामाशिवायचे मोठे दिवे बंद ठेवा, निदान सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि मार्च ते जून, कारण रात्री प्रवास करणारे पक्षी उजेडाकडे ओढले जातात आणि सकाळी त्याच काचांमध्ये अडकतात.

तरीही आदळलाच तर

पहिलं काम, मांजर आणि कावळ्यापासून वाचवा. बुटाचा खोका घ्या, झाकणाला चार-पाच भोकं, आत जुना सुती कपडा, त्यात पक्ष्याला अलगद ठेवा आणि झाकण बंद करा. खोका सावलीत, शांत जागी. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका, आणि दया येते म्हणून कूलरच्या समोरही ठेवू नका. चोचीत पाणी ओतायचं नाही, हे चारदा सांगावं लागतं, आपल्याकडे पहिलं काम लोक तेच करतात आणि बेशुद्ध पक्ष्याच्या श्वासनलिकेत पाणी जाऊन तो मरतो. काही खायला द्यायचं नाही, पोरांना दाखवायला दर पाच मिनिटांनी झाकण उघडायचं नाही, सेल्फी तर नाहीच.

तास-दोन तासांनी खोका झाडाजवळ बाहेर नेऊन झाकण उघडा. उडाला तर उत्तम. संध्याकाळ झाली असेल तर दिवसाच्या पक्ष्याला रात्रभर खोक्यातच राहू द्या आणि पहाटे सोडा. पंख लोंबकळतोय, चोचीतून रक्त येतंय, डोकं एका बाजूला पडतंय, किंवा दोन तासांनीही उभा राहत नाही, तर थांबू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं जखमी वन्यप्राणी-पक्ष्यांवर उपचार होतात. शिक्रा, घुबड असेल तर उचलताना जाड टॉवेल वापरा, नख्या हातात घुसतात. बगळा असेल तर तुमचा चेहरा लांब ठेवा, तो थेट डोळ्याकडे चोच मारतो. आणि बरा झाला म्हणून पोपट ठेवून घेऊ असं कोणाच्या मनात आलं तर वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

पक्षी खोलीत शिरला असेल तर सगळ्यात आधी पंखा बंद. बाकी सगळं नंतर. मग दिवे घालवा, एकच खिडकी पूर्ण उघडा, बाकीचे पडदे ओढा, आणि खोलीतून बाहेर या. कपडा घेऊन मागे धावलं की तो दमतो आणि बंद काचेवरच जाऊन आपटतो.

आता एक वेगळाच प्रकार, जो लोक यातच मिसळतात. मार्च ते पावसाळ्यापर्यंत एखादा दयाळ, बुलबुल किंवा शिंजीर रोज येऊन त्याच काचेवर टकटक करतो, तासन् तास. हे आदळणं नाही, हे भांडण आहे. त्याला काचेत स्वतःच दिसतो आणि त्याला वाटतं दुसरा नर आपल्या इलाख्यात घुसलाय. सहसा मरत नाही, पण दमतो, आणि घरट्याचं काम तसंच राहतं. तेवढ्या जागेवर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबणाचं पाणी फासून ठेवा, प्रतिस्पर्धी गायब झाला की तोही जातो. पिल्लं उडून गेली की काढून टाका. गाडीच्या आरशावर भांडत असेल तर पार्क केल्यावर आरशांना जुने मोजे घालून ठेवा, आणि सकाळी ऑफिसला निघताना ते मोजे तेवढे काढा, नाहीतर शंकरनगर चौकात सिग्नलला लोक बघून हसतात.